कमी खर्चातली कॅनू-कॅम्पिंग सहल: आधी काय, मग काय

कॅनूतून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या उघड्या, अरुंद होडीतून, दोन-तीन रात्रींच्या सहलीला जायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कॅनू कुठली घेऊ?" पाठोपाठ तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी यांची चौकशी सुरू होते. सामान गोळा होतं, खिसा हलका होतो, आणि नकाशा उघडायची वेळ सगळ्यात शेवटी येते. मग लक्षात येतं की वाटेत दोन ठिकाणी पाणी तुटतं, तिथे होडी खांद्यावर घेऊन चालायचं आहे, आणि आपण पसंत केलेली होडी ३५ किलोची आहे.

खर्च वाढतो तो बहुतेक वेळा या उलट्या क्रमामुळे. म्हणून कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने खाली लिहिली आहेत. प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याला लागतं, त्यामुळे मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका. हे सगळं शांत पाण्यावरच्या पहिल्या-दुसऱ्या सहलीसाठी आहे. जोरकस प्रवाहाच्या नद्यांसाठी पाण्यात उतरून, जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकावं लागतं. लेख वाचून ते येत नाही.

## टप्पा १: माणसं आणि दिवस

पहिल्या सहलीला चार माणसं, दोन होड्या, दोन रात्री. या आकड्यांमागे कारण आहे. एक होडी उलटली तर दुसरी मदतीला हवी. तंबू, शेगडी, भांडी, औषधांची पेटी यांचा भार चौघांत वाटला जातो, आणि खर्चही. दोन रात्रींत एक विसरलेली वस्तू निभावून नेता येते, पाच रात्रींत ती डोकेदुखी होते.

सोबत्यांना सुरुवातीलाच तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पोहता येतं का? पाठीचं, खांद्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे का? परतायला एक दिवस उशीर झाला तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणणारा माणूस असेल तर सहल एका रात्रीची करा. वारा सुटलेला असताना केवळ सोमवारी कामावर पोहोचायचं म्हणून पाणी ओलांडणं हा कॅनूतल्या अपघातांकडे जाणारा अगदी सरळ रस्ता आहे.

## टप्पा २: पाणी निवडा

सगळ्या नियोजनात इथे घालवलेला वेळ सर्वात जास्त पैसे वाचवतो. सहल स्वस्त की महाग हे ठरतं तुम्ही जिथे पाण्यात उतरता तिथेच बाहेर येता का, यावर.

नदीवरून खाली गेलात तर शेवटच्या ठिकाणाहून सुरुवातीच्या ठिकाणी परत यायला वाहन लागतं. यादी करताना ही ने-आण कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि कधीकधी ती होडीच्या भाड्याच्याही पुढे जाते. तलावावर किंवा एकमेकांना जोडलेल्या तलावांवर गोल फेरी मारता येते. लांब, संथ जलाशयावर एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परतता येतं. पहिल्या सहलीला असंच पाणी निवडा.

नदीच करायची असेल तर एक जुनी युक्ती आहे. होड्या आणि सामान सुरुवातीला उतरवा, एकाने गाडीतून जाऊन शेवटच्या ठिकाणी सायकल कुलूप लावून ठेवावी आणि गाडी परत सुरुवातीला आणून लावावी. सहल संपल्यावर तो सायकलने गाडी आणायला जातो, बाकीचे सामान वाळवत बसतात. नदी वळणं घेत जाते, रस्ता बऱ्याचदा सरळ असतो, त्यामुळे सायकलचं अंतर नदीच्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी भरतं.

पाणी निवडताना या गोष्टी बघा:

- उघड्या पाण्याची रुंदी. काठाकाठाने जाता येईल, बेटं आणि वळणं असतील असं पाणी चांगलं. मोठ्या, सलग उघड्या पाण्यावर थोड्या वाऱ्यानेही लाटा चढतात.
- बाहेर पडायच्या जागा. दर तीन-चार किलोमीटरवर काठाला लागून रस्त्यापर्यंत चालत जाता येतं का?
- पाणी तुटण्याच्या जागा. बंधारा, धबधबा, उथळ खडक अशा ठिकाणी होडी आणि सामान उचलून न्यावं लागतं. सगळं एका खेपेत जात नाही. एक खेप न्यायची, रिकामं परत यायचं, दुसरी खेप न्यायची. म्हणजे नकाशावरचे ५०० मीटर पायाखाली दीड किलोमीटर होतात.
- पाण्याचं तापमान. हवा उबदार असली तरी खोल तलावाचं पाणी बरेच दिवस गार राहतं. १५ अंश सेल्सियसच्या खाली पाणी असेल तर अचानक पडल्यावर श्वास अनावर होतो आणि पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊ शकतं. पहिल्या सहलीसाठी ऋतू बदला. खास गरम पोशाख विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

> सावधान: बुटका बंधारा दुरून निरुपद्रवी दिसतो. होडीतून तर तो दिसतही नाही, फक्त पाण्याची रेघ पुढे अचानक संपल्यासारखी वाटते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी गोल फिरून माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. कितीही कमी उंचीचा असला तरी बंधाऱ्यावरून होडी न्यायची नाही. खूप आधी काठाला लागा आणि चालत पुढे जा.

## टप्पा ३: अंतर मोजा आणि दिवसांत वाटा

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. काठाच्या वळणांवरून दोरा ठेवत जा, मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजा. पडद्यावर दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढून आलेला आकडा धरू नका. तुम्ही त्या रेघेवरून जाणार नाही.

सामानाने भरलेली दोघांची कॅनू शांत पाण्यावर ताशी ४-५ किलोमीटर जाते. थांबे, पाणी पिणं, नकाशा बघणं, उलटा वारा धरला तर हिशेब ३ किलोमीटरचा करा. पहिल्या सहलीला दिवसाला १० ते १२ किलोमीटर पुरे. "चार तासांचंच तर काम आहे" असं मनात येईल, पण तंबू गुंडाळणं, होडी भरणं, उतरणं, पुन्हा तंबू लावणं यांत सकाळ-संध्याकाळचे चारेक तास सहज जातात.

मग प्रत्येक मुक्कामाच्या अलीकडे एक पर्यायी मुक्काम शोधून नकाशावर खूण करा. वारा सुटला तर तिथेच थांबायचं. हा पर्याय घरी ठरलेला असला की पाण्यावर वाद होत नाहीत.

> तपासा: शेवटच्या दिवसाचं अंतर सर्वात कमी आहे ना? थकवा, ओलं सामान आणि घरची ओढ तिन्ही त्या दिवशी एकत्र येतात.

## टप्पा ४: परवानगी आणि खर्चाचा कागद

ते पाणी आणि तो काठ ज्यांच्या अखत्यारीत आहे, त्यांना विचारा: होडी उतरवायला परवानगी लागते का, मुक्काम कुठे करता येतो, चूल पेटवता येते का, वरच्या बाजूच्या धरणातून पाणी सोडतात का आणि त्याची सूचना कुठे मिळते. ही चौकशी होडी ठरवण्यापूर्वी करायची. आगाऊ पैसे भरून झाल्यावर मुक्कामाला बंदी असल्याचं कळलं तर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आता एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे "सगळ्यांत मिळून": होडीचं भाडं, प्रवास, मुक्कामाचं शुल्क, इंधन, औषधं. उजवीकडे "ज्याचं त्याचं": जेवण, कपडे, झोपायचं सामान. शेवटी एकूण रकमेच्या दहा टक्के वेगळे धरा, परतायला उशीर झाल्यास होडीचं जादा भाडं त्यातून जातं. हे आकडे मांडल्यावर कुठला खर्च मोठा आहे ते आपोआप दिसतं. बहुधा तो प्रवास असतो. मग दूरच्या प्रसिद्ध तलावाऐवजी जवळचं साधं पाणी निवडलं तर बाकी कुठेही काटकसर करावी लागत नाही.

## टप्पा ५: होडी भाड्याने घ्या आणि हात लावून तपासा

पहिल्या चार-पाच सहलींपर्यंत होडी विकत घेऊ नका. ती ठेवायला जागा लागते, न्यायला गाडीवर सांगाडा लागतो, आणि आपल्याला कसली होडी आवडते हे तोवर कळलेलं नसतं.

दोघांसाठी साधारण ५ मीटर लांबीची, रुंद आणि सपाटसर बुडाची कॅनू घ्या. प्लास्टिकची होडी दणकट असते पण ३५-४० किलोपर्यंत भरते. हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्यांचं कापड राळेत बसवून केलेल्या होड्या २० किलोच्या आसपास मिळतात, पण त्यांचं भाडं जास्त. निर्णय टप्पा २ वरून घ्या: होडी उचलायची वेळ फारशी येणार नसेल तर जड आणि स्वस्त होडी घ्या, तीन-चारदा उचलायची असेल तर हलकीचे जादा पैसे सार्थकी लागतात.

फोनवर विचारा: भाड्याचा दिवस सकाळी सुरू होतो की चोवीस तास धरतात? आठवड्याच्या मधल्या दिवसांचा दर कमी आहे का? भाड्यात वल्ही, लाइफ जॅकेट, पाणी उपसायचं भांडं, दोऱ्या आणि गाडीवर बांधायचे पट्टे येतात का?

ताब्यात घेताना घाई करू नका. एकदा मी काउंटरवर सही करून लाइफ जॅकेटांचा गठ्ठा तसाच गाडीत टाकला. काठावर पोहोचल्यावर चारपैकी एकाची कमरेची बकल अर्धी तुटलेली निघाली. दुकान दोन तास मागे होतं. त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो नाही, आणि भाड्याचा एक पूरा दिवस वाया गेला. तेव्हापासून मी दुकानातच प्रत्येकाला जॅकेट घालायला लावतो, सगळे पट्टे आवळतो आणि खांद्यांना धरून वर ओढतो. जॅकेट हनुवटी ओलांडून वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्यायचं.

वल्ह्याची लांबी बघायची सोपी रीत अशी: सपाट बाकावर बसा, वल्हं उलटं धरून मूठ बाकावर टेकवा. दांडा संपून पातं सुरू होतं ती जागा हनुवटी आणि नाकाच्या मध्ये आली पाहिजे. दर होडीमागे एक जादा वल्हं घ्या. याबाबतीत काटकसर नको. एकच वल्हं उरलेली होडी वाऱ्यात सरळ ठेवता येत नाही.

होडीची पुढची-मागची टोकं, बसायच्या पाट्यांचे स्क्रू आणि बूड बघा. दोन्ही टोकांना साधारण ५ मीटरची दोरी हवी. जुन्या खरचटलेल्या रेषांचे फोटो काढून ठेवा, परत देताना त्यावरून वाद होत नाही.

> सावधान: गाडीच्या टपावर होडी पालथी ठेवून दोन आडवे पट्टे आणि पुढच्या-मागच्या टोकांना खाली ताणलेल्या दोऱ्या, हे चारही बंध हवेत. दहा मिनिटं गाडी चालवून थांबा आणि पुन्हा आवळा. पहिल्या काही किलोमीटरमध्ये पट्टे हमखास सैल होतात.

## टप्पा ६: बाकीचं सामान, तीन ढिगांत

यादीतल्या वस्तू तीन ढिगांत वाटा: घरात आहे, उसनं मिळेल, विकत घ्यावं लागेल. तिसरा ढीग जितका छोटा तितकी सहल स्वस्त.

घरातलं. स्वयंपाकाचं एक पातेलं, झाकण, चमचे, मग. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा स्वेटर, धावायचे कपडे. जीन्स आणि सुती शर्ट घरीच ठेवा. भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब शोषून घेतं आणि लवकर वाळत नाही. जुने, पायात घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट पाण्यात चालायला उत्तम. चपला चिखलात रुतून राहतात. प्लास्टिकच्या कॅनचं वरचं तोंड तिरकं कापलं, मूठ तशीच ठेवली, की पाणी उपसायचं भांडं तयार.

उसनं. तंबू, स्लीपिंग बॅग, खाली अंथरायची मॅट. ट्रेकला जाणाऱ्या ओळखीच्या कुणाकडे तरी हे असतंच. कॅनूत वजनाची पायी ट्रेकइतकी कडक मर्यादा नसते, त्यामुळे जुना, जड तंबूही चालतो. मात्र आणल्याबरोबर घरी उभारून बघा: खांब पूर्ण आहेत का, चेन लागते का, शिवणीतून पाणी झिरपतं का.

विकतचं. शिट्ट्या, दोरी, ताडपत्री, जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या, डोक्याला लावायचा दिवा. ताडपत्री ३ बाय ४ मीटरची घ्या. पावसात तिच्याखाली स्वयंपाक होतो, उन्हात सावली मिळते. तंबू महाग घेण्यापेक्षा मला साधा तंबू आणि वर चांगली ताडपत्री हे जास्त पटतं.

## टप्पा ७: जेवण, इंधन, पाणी

दर माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा धरा. तयार "कॅम्पिंगचं जेवण" घ्यायची गरज नाही. तांदूळ, डाळ, ओट्स, नूडल्स, दाणे, सुकामेवा, दूध पावडर यांवर तीन दिवस आनंदात जातात. प्रत्येक जेवणाचा शिधा मोजून वेगळ्या पिशवीत भरा आणि वर दिवस-वेळ लिहा. डाळ आदल्या रात्री भिजवली की इंधन निम्म्याच्या आसपास येतं. एक जेवण असं ठेवा जे न शिजवता खाता येईल. वादळी संध्याकाळी ते उपयोगी पडतं.

गॅसवर एक लिटर पाणी उकळायला वाऱ्यापासून आडोसा असेल तर साधारण १० ते १५ ग्रॅम गॅस जातो, उघड्यावर त्याच्या कितीतरी पट. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ निकामी होतो, थंड रात्रींसाठी प्रोपेन मिसळलेला घ्या.

नदी-तलावाचं पाणी प्यायचं असेल तर ते उसळी मारून उकळू लागलं की पूर्ण १ मिनिट उकळू द्या, २,००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर ३ मिनिटं.

> सावधान: पाण्यावर हिरवट रंगाचा तवंग किंवा शेवाळाचा दाट थर असेल तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. काही शैवालांचं विष उकळण्याने जात नाही. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नका. जळताना होणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

## टप्पा ८: कोरडं ठेवायचं ते कोरडंच राहील असं बांधा

सर्वात जास्त चुका इथे होतात. महागड्या ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या) घेतल्या म्हणजे काम झालं असं वाटतं. पण ड्राय बॅग तिच्या घडीमुळे पाणी अडवते, आणि घडी नीट बसायला तोंडाशी मोकळी जागा लागते.

माझ्या दुसऱ्या सहलीत मी स्लीपिंग बॅग, स्वेटर आणि शेवटच्या क्षणी आठवलेला टॉवेल एकाच ड्राय बॅगेत कोंबला. तोंडाशी एकच घडी बसली, बकल मात्र लागली, म्हणून मी समाधानी. होडीच्या तळाशी दिवसभर चार बोटं पाणी डुचमळत होतं. संध्याकाळी बॅग उघडली तर स्लीपिंग बॅगेचा पायाकडचा भाग पिळून पाणी निघालं. ती रात्र शेकोटीपाशी बसून काढली, आणि दुसऱ्या दिवशी वल्हवताना हातांत जीव नव्हता.

बरोबर रीत अशी:

1. बॅग तीन चतुर्थांशच भरा.
2. गुडघा टेकवून हवा काढा. तोंडाच्या दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर जुळवा, मध्ये सुरकुती राहू देऊ नका.
3. किमान तीन घट्ट घड्या घाला, मग बकल लावा.
4. झोपायचं सामान आणि एक जोड कपडे यांना दुहेरी आवरण: आधी जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड पिळून दुमडून दोरीने बांधलेली, मग ड्राय बॅग.

ड्राय बॅगा नसतील तर साध्या सॅकमध्ये एकात एक अशा दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्यात सामान भरा. प्लास्टिक आत, सॅक बाहेर. उलट केलं तर पहिल्याच फांदीला प्लास्टिक फाटतं. शिध्यासाठी रबरी कडा असलेलं घट्ट झाकणाचं २० लिटरचं पिंप छान. ते बसायलाही होतं.

> तपासा: रिकामी ड्राय बॅग हवा भरून बंद करा आणि टबातल्या पाण्याखाली दाबा. बुडबुडे आले तर ती बॅग भांड्यांसाठी ठेवा, कपड्यांसाठी नको.

कोरडा जोड फक्त मुक्कामाला घालायचा. सकाळी निघताना कितीही जिवावर आलं तरी कालचे ओले कपडेच चढवायचे. हा नियम मोडला की दुसऱ्या रात्री कोरडं काहीच उरत नाही.

## टप्पा ९: अर्ध्या दिवसाची तालीम

निघण्याच्या आठवडाभर आधी, शक्य असेल तर भाड्याचीच होडी घेऊन, उबदार आणि कंबरभर पाण्यात अर्धा दिवस घालवा. सामान नको. सरळ जाणं, थांबणं, वळणं, काठाला अलगद लागणं यांचा सराव करा. नंतर मुद्दाम होडी उलटवा. पाण्याने भरलेली कॅनू किती जड असते हे हाताला कळू द्या. दुसऱ्या होडीच्या कडेवर ती पालथी ओढून रिकामी करायची आणि माणसांना पुन्हा आत घ्यायचं, हे दोनदा करून बघा. जे उबदार पाण्यात, हसतखेळत जमत नाही ते वाऱ्यात अजिबात जमणार नाही.

याच दिवशी कुणीतरी कबूल करतं की त्याला गुडघ्यांवर बसवत नाही किंवा पाण्याची भीती वाटते. ते घराजवळच कळलेलं बरं.

घरी थांबणाऱ्या एका माणसाकडे कागद द्या: मार्ग, मुक्काम, पर्यायी मुक्काम, होड्यांचा रंग, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची ती वेळ.

## टप्पा १०: होडी भरणं

होडी अर्धी काठावर, अर्धी पाण्यात ठेवून भरू नका. मध्ये आधार नसलेल्या बुडावर ताण येतो, आणि तोल कळत नाही. पूर्ण तरंगती ठेवा, एकाने कड धरावी, दुसऱ्याने सामान द्यावं.

जड वस्तू तळाशी, मध्यरेषेवर. हलकं सामान टोकांकडे. कुठलीही वस्तू होडीच्या कडेपेक्षा फार वर येऊ देऊ नका, वारा तिला शिडासारखं पकडतो. भरून झाल्यावर दोघं बसा आणि तिसऱ्याला काठावरून बाजूने बघायला सांगा. होडी पाण्याशी समांतर असावी, किंवा मागची बाजू जराशी खाली. पुढचं टोक जड झालं तर होडी भरकटत राहते. अपवाद एकच: समोरून वारा असेल तर एखादी बॅग पुढे सरकवा, म्हणजे वारा टोक फिरवत नाही.

> तपासा: दोघं बसल्यावर होडीची कड पाण्यापासून किमान १५ सेंटीमीटर वर हवी. कमी असेल तर सामान काढा.

तलावावर बॅगा आडव्या दांड्याला बांधून ठेवा. दोरी आखूड आणि ताणलेली हवी. लोंबणारी दोरी उलटलेल्या होडीत पायाला गुंडाळते.

## टप्पा ११: पाण्यावर

लाइफ जॅकेट पायाखाली, पाठीमागे किंवा बॅगेवर नाही, अंगात, आणि पट्टे लावलेलं. पडल्यावर पाण्यात ते घालणं जवळजवळ अशक्य असतं.

पहाटे निघा. बहुतेक स्वच्छ हवेच्या दिवशी जमीन तापल्यावर वारा वाढतो आणि संध्याकाळी पडतो. सहाला निघून अकराला मुक्कामी पोहोचणं हे पहिल्या सहलीचं आदर्श वेळापत्रक. दुपार पोहायला आणि झोपायला.

वाऱ्याबाबतचा एक चकवा नीट समजून घ्या. तुम्ही उभे आहात त्या काठाकडून वारा पलीकडे वाहत असेल तर तुमच्या पायाशी पाणी आरशासारखं दिसतं. लाटा उघड्या पाण्यावरून जाताना मोठ्या होत जातात, म्हणून खरा त्रास अर्धं अंतर गेल्यावर सुरू होतो. तेव्हा परत फिरायचं म्हणजे त्याच वाऱ्याला तोंड देत यायचं. ओलांडण्याआधी दूरवर बघा: पांढरे फेसाळ माथे दिसत असतील तर थांबा. काठाकाठाने लांबून जाणं हा भित्रेपणा नाही.

लाटांत सापडलात तर दोघांनीही गुडघ्यांवर या, गुडघे फाकवून बुडाला टेकवा, आणि लाटांना थोडं तिरकं टोक देत वल्हवत राहा. वल्हं पाण्यात असतं तोवर ते आधार देतं. घाबरून ते वर उचललं की होडी डगमगते. होडीच्या कडा हातांनी धरू नका.

उलटलात तर होडीला धरून राहा, ती तरंगते आणि शोधणाऱ्यांना दिसते. वाहत्या पाण्यात मात्र प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, होडीच्या मागे राहा, नाहीतर ती तुम्हाला खडकावर चिरडेल. प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय खडकांत अडकतो. पाठीवर, पाय पुढे करून तरंगत काठाकडे सरका. आडवं पडलेलं, फांद्यांतून पाणी गाळणारं झाड दिसलं तर ते दुरूनच टाळा.

गडगडाट ऐकू आला की काठाला लागा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात परतायचं नाही.

## टप्पा १२: मुक्काम

काठाला लागल्यावर पहिलं काम होडीचं. पूर्ण बाहेर ओढा, पालथी घाला, झाडाला बांधा. रात्री वाऱ्याने होडी उडते, आणि धरणाखालच्या नदीत पाणी झोपेत वाढतं. वल्ही आणि जॅकेट होडीखाली.

तंबू उंचवट्यावर, वाळक्या फांद्यांपासून लांब. शौचाची आणि भांडी धुवायची जागा पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं दूर. खड्डा १५ ते २० सेंटीमीटर खोल, नंतर बुजवलेला. शिधा तंबूत ठेवू नका. त्या भागात जनावरांपासून तो राखायची जी रीत सांगितली असेल ती पाळा.

झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीचा नकाशा सगळ्यांनी मिळून बघा आणि वाऱ्याचा अंदाज घ्या.

## टप्पा १३: परतल्यावर त्याच दिवशी

होडी परत देण्याआधी पाणी ओता, बुडाला आणि दोऱ्यांना चिकटलेल्या वनस्पती, चिखल काढून टाका. एका तलावातली वनस्पती किंवा शिंपली अशीच दुसऱ्या तलावात जाऊन पसरतात. उसना तंबू घरी उभा करून पूर्ण वाळवा. ओला गुंडाळून परत केला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, आणि पुढच्या वेळी मिळत नाही.

मग सामानाची यादी घ्या आणि न वापरलेल्या प्रत्येक वस्तूपुढे फुली मारा. औषधांची पेटी, जादा वल्हं, शिट्टी आणि कोरडा जोड यांना फुली लागू नाही, ते दर वेळी येणारच. बाकी फुल्यांचं सामान पुढच्या सहलीतून वगळा, आणि खर्चाच्या कागदावर अंदाजाशेजारी खरा आकडा लिहून तो यादीसोबतच जपून ठेवा.